तिसऱ्या फेरीतले हात

१८ जून

चि. डावरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून नऊ दिवस झाले. तू ते क्लबच्या पत्त्यावर टाकलंस, आणि मी क्लब सोडून चार वर्षं होऊन गेली. तिथल्या टेबलावर पडून पडून ते शेवटी घरी आलं. माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, उजव्याचं व्हायचंय. म्हणून तुझ्या काकूंनीच ते मोठ्याने वाचून दाखवलं. हे उत्तर मात्र मी स्वतःच्या हाताने लिहितोय. ओळी वरखाली गेल्या तर सांभाळून घे.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात. क्लबच्या बॉक्सिंग हॉलमध्ये नवीन सर आलेत, ते ओरडत नाहीत, शिट्टी वाजवतात. पोरं म्हणे त्यांना नावाने हाक मारतात! ठेकेदारसाहेबांनी घातलेलं छप्पर पुन्हा गळायला लागलंय. त्यांच्या उंच मुलीला नोकरीत बढती मिळाली, आता हाताखाली माणसं आहेत. वकीलीणबाईंच्या मुलीचं लग्न झालं, तीही खेळाच्या कोट्यातून लागलेली नोकरी करतेच आहे. दोघी वर्षातून एकदा येतात, पाया पडतात, फोटो काढतात. तू कधी आली नाहीस. तक्रार करत नाही. सांगतो फक्त.

तू गोदामात पार्सलं तोलतेस आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवतेस, हे वाचून बरं वाटलं. आईचं वाचून वाईट वाटलं. इस्पितळाच्या चादरी इस्त्री करून त्या बाईचे हात कोपरापर्यंत भाजल्यासारखे झाले होते. मला कळलंच नाही गेल्याचं.

आता तुझा प्रश्न. काकूंनी तो दोनदा वाचला, त्यामुळे मला पाठ झालाय. ‘सर, माझ्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी आहे. अंगात खेळ आहे, पण तिसऱ्या फेरीत तिचे हात पडतात, माझे पडायचे तसे. तुम्ही माझ्याकडून जे जे करून घेतलंत ते सगळं मी चार महिने करून घेतेय. गळ्यात टॉवेल, काखेत चेंडू. फरक दिसत नाही. माझ्याकडून काही राहिलं का?’

टॉवेल गळ्यात अडकवायचा, दोन्ही टोकं मुठीत धरून मुठी गालाला चिकटवायच्या आणि तसंच अर्धा तास रिंगभर फिरायचं, म्हणजे चेहरा झाकणारे हात खाली पडत नाहीत. कोपर बाहेर जाऊ नये म्हणून काखेत टेनिसचे चेंडू. चेंडू पडला की वीस उठाबशा. बरोबर लक्षात ठेवलंस. काही राहिलेलं नाही.

तरी ते बंद कर. आजच बंद कर.

इथवर लिहून मी उठलो होतो. चहा घेतला, परत बसलो. काकू समोर चहा ठेवते, बोलत नाही. तुझं पत्र वाचून झाल्यावर तिने मला एकच विचारलं होतं, ‘तिचे हात पडायचे का हो?’ मी म्हटलं, ‘नाही.’ तिने पत्राची घडी घातली, पाकिटात ठेवलं आणि आत गेली. त्याला आज नऊ दिवस झाले. कप आपटत नाही, भांडी आदळत नाही. आदळली असती तर बरं झालं असतं.

तुझे हात पडत नव्हते, डावरी. तुझा उजवा हात कमरेशीच असायचा, पहिल्या दिवसापासून. तो पडलेला नव्हता, तिथेच राहत होता. समोरचीला वाटायचं, दार उघडं आहे, ती आत यायची, आणि तुझा डावा कुठून आला हे तिला खाली बसल्यावर कळायचं. असं मी कोणाला शिकवलं नाही. मला शिकवता आलंही नसतं. तू ते घेऊन आली होतीस.

ती फायनल आठवते का, असं विचारणं म्हणजे मूर्खपणा आहे. पण त्या दिवशी सकाळी काय झालं ते तुला ठाऊक नाही.

वजनं झाली होती. तुम्ही तिघी बाहेर पायऱ्यांवर बसून केळी खात होतात. संघटनेच्या सचिवांनी मला वजनकाट्याच्या खोलीत थांबवून घेतलं. ते संत्रं सोलत होते.

म्हणाले, “मास्तर, तीन फायनल आणि तिन्हींत तुमचीच पोरगी. बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायला यायचं?”

मी म्हटलं, “मारून आल्यात साहेब, मागून आल्या नाहीत.”

“कोण नाही म्हणतंय? दोन सुवर्णं न्या, मिरवा. तिसरं सोडा. कोणतं ते तुम्हीच सांगा, म्हणजे तुमच्या मनासारखं होईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मी सांगेन. मग दोन जातील.”

आपल्या खेळात मारतो तोही पंच आणि मोजतो तोही पंच, असा विनोद मी तुम्हाला दर वर्षी ऐकवायचो. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून हसायचात. त्या दिवशी रिंगभोवतीच्या पंचांच्या पाच खुर्च्यांपैकी तीन खुर्च्या सचिवांच्या शब्दात होत्या. तीन पुरतात.

मला वेळ किती होता? एक संत्रं सोलून होईपर्यंत. तेवढ्यात मी हिशेब केला. उंच मुलीच्या बापाने आपल्या डोक्यावर छप्पर घातलं होतं. वकीलीणबाई दुसऱ्या दिवशी कोर्टात गेल्या असत्या. तुझ्यामागे कोण होतं? आई, आणि तीसुद्धा दिवसाचा खाडा पडेल म्हणून फायनलला आली नव्हती. शिवाय तू रडत नसायचीस. भुवई फुटली तरी ‘सर, किती टाके?’ एवढंच विचारणारी मुलगी. मला वाटलं, हिला सोसेल. आणि हेही वाटलं, की त्या दोघींना पुन्हा फायनल दिसणार नाही. ही पुढल्या वर्षी येईल, त्याच्या पुढल्या वर्षीही येईल.

मी म्हटलं, “चोपन्न किलो.”

तुझं नाव घेतलं नाही. वजन सांगितलं.

त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी पुढे केल्या. मी घेतल्या. खाल्ल्याही.

पुढचं तू रिंगमधून बघितलंस, मी कोपऱ्यातून. पहिली फेरी तुझी. दुसरी तुझी, निळ्या कोपऱ्यातल्या मुलीचं नाक फुटलं होतं. मधल्या मिनिटात तू स्टुलावर बसलीस, मी तुझ्या दातांवरचा गार्ड काढून धुतला. तू विचारलंस, “सर, किती?” मी म्हटलं, “पुढे आहेस. आता जवळ जाऊ नकोस. लांबून खेळ, वेळ काढ.”

ते मी का म्हटलं ते कळलं ना? तू नुसती पळत राहिली असतीस, तर निकालाला थोडी अब्रू राहिली असती. लोक म्हणाले असते, शेवटी ढिली पडली. मी तुला हरवलंच होतं. वर तुझ्याकडून नीट हरायला मदत मागत होतो.

पण तू ऐकलं नाहीस. सहा वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं नाहीस, आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली फेरी खेळलीस. दोनदा रेफरीने निळीला उभी करून आकडे मोजले. रेफरीने तुमच्या दोघींचे हात धरले आणि निकाल आला, तीन विरुद्ध दोन, निळी. हॉलमध्ये लोकांनी बाटल्या फेकल्या. तू माझ्याकडे बघितलंस. पंचांकडे नाही, माझ्याकडे.

तुला काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “तिसऱ्या फेरीत हात पडले तुझे.”

तू मान हलवलीस. “बरं सर,” म्हणालीस.

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं एकदा बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू सगळ्यांच्या आधी हॉलवर आलीस आणि म्हणालीस, “सर, हातांचं काय करायचं?” मी खुंटीवरचा टॉवेल काढून तुझ्या गळ्यात घातला. वर्षभर घातला. तुझा उजवा हात कमरेवरून उचलून गालाला बांधला. तो वर गेला तसा डावा अडकला. तुझे पायसुद्धा बदलले. मला दिसत होतं. रोज दिसत होतं. ‘आता पुरे, तू पूर्वी खेळायचीस तशीच खेळ’ हे एक वाक्य मला बोलता आलं नाही. बोललो असतो तर तू विचारलं असतंस, मग तेव्हा का हरले?

पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत तू पाच-शून्य हरलीस. त्या दिवशी कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. पाचही पंच प्रामाणिक होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या पंचाने जेवणाच्या रांगेत मला विचारलं, “मास्तर, त्या पोरीचा डावा कुठे गेला हो?”

आणि तू ओठ सुजलेली, बाकावर बसून पट्ट्या सोडत होतीस. वर बघून हसलीस. म्हणालीस, “या वेळी हात नाही ना पडले, सर?”

मी म्हटलं, “नाही पडले.”

तुला बरं वाटलं. ते मी बघितलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी तू यायची बंद झालीस आणि मी, खरं सांगतो, सुटलो म्हणून दार लावून घेतलं.

वर लिहिलेली कारणं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलोय. छप्पर, कोर्ट, पुढचं वर्ष. सगळी खरी आहेत. पण संत्रं सोलून होईपर्यंत माझ्या डोक्यात ती नव्हती. डोक्यात दुसरंच होतं, ते आता लिहितो.

आठवडाभर आधी शिबिराचं पत्र आलं होतं. चोपन्न किलोत जी जिंकेल तिला मोठ्या शिबिरात घेणार, तिथे परदेशी प्रशिक्षक, तिथेच राहणं. मी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तू उडी मारलीस आणि म्हणालीस, “चला, सरांची कटकट संपली! आता खरं बॉक्सिंग शिकायला मिळेल.” सगळ्या हसल्या. मीही हसलो. थट्टाच होती ती, मला कळत होतं. तुला वाक्य आठवतही नसेल.

अठ्ठावीस वर्षांत माझ्या हाताखाली एकच खेळाडू आली होती. ती दुसऱ्याची झाली असती. वर्तमानपत्रात त्या परक्या माणसाचा तुझ्या खांद्यावर हात ठेवलेला फोटो आला असता, आणि मी तुमच्यातल्या उंच पोरीला जॅब शिकवत बसलो असतो. सचिवांनी विचारलं आणि मला पहिला शब्द सुचला तो ‘चोपन्न’. कारणं मागून आली.

तुला मी सांगितलं होतं की क्लबच्या कॅमेऱ्यातलं कार्ड बिघडलं, फायनलचं चित्रण गेलं. गेलं नव्हतं. माझ्याकडेच होतं. सोबत पेन ड्राइव्ह आहे, त्यात तिन्ही फेऱ्या आहेत. बघ किंवा बघू नकोस. त्या मुलीचा खेळ पुन्हा बघण्यापूर्वी एकदा बघितलंस तर बरं, एवढंच माझं मत.

क्षमा मागत नाही. ती मागायला काहीतरी परत द्यावं लागतं, आणि माझ्याकडे ही प्लास्टिकची कांडी सोडून काही नाही.

एक मागणं मात्र आहे. लाज सोडून मागतो. तू एकदा घरी ये आणि काकूंशी बोल. तिच्या हातचं दूध पिऊन जायची सवय तिनेच तुला लावली होती, ती तुला अजून ‘आपली’ म्हणते. तू येऊन मला चार शिव्या दिल्यास तरी चालेल. घरात कोणीतरी बोलेल.

आशीर्वाद वर लिहून झालेत. आता वाटतं, ते लिहायला नको होते. पण कागद फाडून पहिल्यापासून लिहायची हिंमत नाही.

तुझा,
सर


६ जुलै

सर,

पत्र आणि पेन ड्राइव्ह दोन्ही मिळालं. पत्र मी गोदामात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. वाचून झाल्यावर भोंगा झाला म्हणून काट्यावर जाऊन उभी राहिले. संध्याकाळपर्यंत एकही पार्सल चुकलं नाही. माझं चुकत नाही कधी. काट्यावरचा आकडा मी दोनदा बघते, मग शेजारच्याला विचारते. आमचे साहेब सगळ्यांना सांगतात, हिच्यासारखं काटेकोर व्हा. त्यांना वाटतं, स्वभाव आहे.

तिसऱ्या फेरीत माझा हात कुठे होता ते मला ठाऊक होतं, सर. माझाच हात होता. पण तुम्ही म्हणालात पडला, तर मी म्हटलं, आपल्याला कळलं नसेल. त्या दिवसापासून मला कळत नाही, एवढंच झालं.

चित्रण मी एकटीने बघितलं नाही. शाळेच्या संगणकावर मुलींना दाखवलं. सहा जणी आहेत. नावं, निकाल काही सांगितलं नाही. प्रत्येकीला कागद दिला आणि फेरीगणिक गुण लिहा म्हटलं. पाच जणींनी तिन्ही फेऱ्या लाल कोपऱ्याला दिल्या. एकीने पहिली निळीला दिली, मग खोडून लालला दिली. डोक्यावर शिरस्त्राण, त्यातून अकरा वर्षं; कोणी ओळखलं नाही. एक म्हणाली, “ताई, ही लाल कोण? आम्हाला असं शिकवा ना.” दुसरी म्हणाली, “आता कुठे असते ही?” मी म्हटलं, नोकरी करते.

तुम्ही लिहिलंत तसं मी त्या मुलीचा टॉवेल त्याच दिवशी काढला. तिला बाजूला घेऊन सांगितलं, तुझे हात पडत नव्हते, माझी चूक झाली, तू तुझ्या मनाने खेळ. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पडत नव्हते, तर मागच्या स्पर्धेत मी का हरले?” मला उत्तर आलं नाही. तुम्हाला आलं असतं, तुम्हाला पटकन सुचतं.

दुसऱ्या दिवशी ती घरून स्वतःचा टॉवेल घेऊन आली. मी नको म्हटलं तर मैदानाच्या टोकाला, भिंतीआड जाऊन करते. काल हाक मारली. मुठी गालाला लावूनच आली. मला म्हणाली, “ताई, तुम्ही माझं मन राखायला सांगताय. मला माहीत आहे माझे हात पडतात.” तिची फेब्रुवारीत स्पर्धा आहे. रोज तिचा टॉवेल काढून घ्यावा की तिला राहू द्यावं, हे मला ठरवता येत नाही आणि विचारायला कोणी नाही. तुम्हाला विचारत नाही, हे सांगण्यासाठी लिहिलं.

कटकट संपली असं मी म्हणाले होते, ते मला आठवतं. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला म्हटलं होतं, शिबिरात गेले तरी सुट्टीत सरांकडेच शिकणार. आई म्हणाली, तसं सरांना सांगून ये. मी म्हटलं, जिंकल्यावर सांगेन.

उंच आणि वकिलांची, दोघींना मी काही कळवणार नाही. त्यांची सुवर्णं त्यांनी मारून मिळवली होती. त्यांचे दिवस मी का घालवू.

काकूंकडे येईन. त्यांनी माझ्यासाठी खूप केलं. मंगळवारी मला सुट्टी असते. तुम्ही घरी नसाल ती वेळ कळवा. तुम्ही लिहू नका, काकूंना लिहायला सांगा, म्हणजे तुम्हाला त्यांच्याशी बोलावं लागेल आणि त्यांनी होकार दिला की नाही ते मला अक्षरावरून कळेल. तुमच्या अक्षरातलं पाकीट आलं तर मी ते उघडणार नाही.

पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहायचं असतं. तुमचा माझ्यावर होता, हे आता कळलं. तो यापुढे नसावा.